पस्तिसाव्या खेळीवरचा दावा

अक्का नोंदणी कचेरीत कामाला होती. जन्म आणि मृत्यू, दोन्ही एकाच खिडकीवर. डावीकडे जन्माचं जाड निळं पुस्तक, उजवीकडे मृत्यूचं करड्या पुठ्ठ्याचं, आणि मधे अक्का. माणसं यायची, गळ घालायची.

"बाई, तारीख तेवढी दोन महिने मागे घ्या ना. पोराला यंदाच शाळेत घालायचंय."

अक्का चष्म्यावरून बघायची. "जन्म तुमच्या घरी झाला, माझ्या पुस्तकात नाही. मी कशी मागे घेऊ?"

सत्तावीस वर्षांत तिने एक तारीख इकडची तिकडे केली नव्हती. कचेरीतले तिला पाठीमागे 'खिळा' म्हणायचे. ते तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे.

तिचा दुसरा संसार बुद्धिबळाचा. वडील धाकट्या भावाला खेळ शिकवायचे तेव्हा ही भिंतीला टेकून लोकर विणत बसलेली असायची. भाऊ महिन्याभरात कंटाळला आणि चेंडू घेऊन पळाला. हिच्या मात्र डोक्यात सगळं नीट घडी घालून बसलं. पण खेळण्यापेक्षा तिला खेळ बघण्यात गोडी. कोण काय करतंय, कशाला परवानगी आहे, कशाला नाही, याच्याकडे तिचं बारीक लक्ष. पुढे शाळांच्या स्पर्धांना पंच म्हणून बोलावणं यायला लागलं आणि रविवार गेले ते गेलेच.

यजमान मोटारी दुरुस्त करायचे. माणूस देवमाणूस, पण जिभेला हाड नाही. "दोन माणसं सहा तास गप्प बसतात आणि तू त्यांच्याकडे कौतुकाने बघतेस," ते म्हणायचे. "मी तासभर गप्प बसलो तर विचारतेस, फुगलात का?"

त्या वर्षी गावात मोठी स्पर्धा आली. जगातले दहा ग्रँडमास्टर, नगरमंदिराच्या सभागृहात, तीन आठवडे. अक्काला उपपंच म्हणून घेतलं. तिच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. मोठ्या पंचाची पदवी मिळवायला त्या वेळी तीन दाखले लागत. दोन तिने बारा वर्षांत जमवले होते. तिसरा या स्पर्धेचा, आणि त्यावर सही करायची मुख्य पंचांनी. अशी स्पर्धा गावात पुन्हा कधी येणार होती? परगावी जायला तिला ना रजा मिळत होती, ना घरातून पाय निघत होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. म्हणजे हा दाखला हुकला की सगळंच हुकलं. रोज सकाळी देवाजवळ दिवा लावताना ती दुसरं काही मागत नव्हती. एवढंच म्हणायची, "माझ्या हातून वावगं होऊ देऊ नकोस." सहीचं मागायला तिला लाज वाटायची.

मुख्य पंच निवृत्त न्यायाधीश. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज, चालही अशी की जमिनीने बाजूला व्हावं. चाळीस वर्षं पंचाचं काम केलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या उपपंचांना ओळीत उभं करून सांगितलं, "व्यासपीठावर एकच तोंड बोलतं. माझं. तुम्ही डोळे आणि कान." अक्काने मान डोलावली. तीन आठवडे ती डोळे आणि कानच होती. सुरुवातीला 'अहो, तुम्ही' म्हणणारे साहेब नंतर नंतर 'बाई, चहा घेतलात का' असं विचारायला लागले, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

शेवटची फेरी उजाडली. पहिल्या पटावर जे दोघं समोरासमोर आले त्यांना यजमानांनी आधीच टोपणनावं दिली होती. एक 'डॉक्टर'. तो खरोखरच डॉक्टरकी शिकलेला होता, गोरापान, हात धुतल्यासारखे स्वच्छ. दुसरा 'मफलर'. उकाडा असो, काही असो, गळ्याला करडा मफलर. डॉक्टर अर्ध्या गुणाने पुढे होते. डाव बरोबरीत सुटला तरी विजेतेपद त्यांचं. मफलरला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि या पटाची पंच अक्का.

सभागृह गच्च भरलं होतं. भिंतीवर मोठा पट टांगलेला, त्यावर काठीने खेळ्या दाखवत होते. यजमान शेवटून तिसऱ्या रांगेत, मांडीवर डबा घेऊन बसलेले. दिवसभर अक्काच्या पोटात काही गेलं नसेल म्हणून आणलेला, पण आत द्यायची सोय नव्हती.

डॉक्टर पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत होते. मधल्या प्याद्यांनी एकमेकांना असं अडवून धरलं होतं की पट दोन वाड्यांसारखा दुभंगला. सावध खेळत डॉक्टरांनी वेळ फार घालवला. प्रत्येकाला आपापल्या घड्याळात चाळीस खेळ्यांसाठी अडीच तास. तिसाव्या खेळीला डॉक्टरांच्या घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती. मिनिटकाटा वर चढत आला की तो एक लाल निशाण उचलायचा, आणि चाळीस खेळ्या व्हायच्या आत ते पडलं की डाव गेला, मग तुम्ही कितीही थोर असा.

मफलरचा राजा अजून आपल्या मूळ घरातच होता. किल्लेकोट करायचं राहून गेलं होतं. किल्लेकोट म्हणजे राजा आणि कोपऱ्यातला हत्ती यांनी एकाच खेळीत जागा पालटून आडोसा घेणं. अट एवढीच की तोवर दोघांपैकी कुणीही जागचं हललेलं नसावं. हत्ती एकदा हलला आणि पुन्हा कोपऱ्यात येऊन शहाण्यासारखा बसला, तरी तो हक्क गेला तो गेलाच.

एकतिसाव्या खेळीला डॉक्टरांचा वजीर मफलरच्या राजाजवळच्या एका प्याद्यावर चालून गेला. मफलरने खूप वेळ विचार केला आणि कोपऱ्यातला हत्ती एक घर आत घेऊन ते प्यादं सांभाळलं. डॉक्टरांनी वजीर एक घर बाजूला घेतला. आता कोपऱ्यातलं प्यादं उघडं पडलं. हत्ती परत कोपऱ्यात. वजीर पुन्हा आधीच्या घरात. हत्ती पुन्हा आत. वजीर बाजूला, हत्ती कोपऱ्यात. घरात एकाने खिडकी उघडावी आणि दुसऱ्याने लावावी तसं चाललं होतं. सभागृहातल्या जाणत्यांना काय ते कळलं. एक कुजबुज रांगांमधून फिरली, "बरोबरी, बरोबरी."

कारण नियम असा की तीच स्थिती तीनदा आली आणि खेळायची पाळीही दर वेळी त्याच खेळाडूची असली, की खेळाडूला बरोबरी मागता येते.

अक्का आपल्या कागदावर खेळ्या लिहीत होती. पेन्सिल थांबली नाही, पण मनात तिने बोट मोडलं. एक. दोन. तिसरी अजून नाही.

पस्तिसाव्या खेळीला डॉक्टरांनी वजिराला हात लावला नाही. त्यांनी कागदावर खेळी लिहिली, दोन्ही घड्याळं थांबवली आणि मान वर केली.

"बाई, मी बरोबरीचा दावा करतो. ही खेळी केली की हीच स्थिती तिसऱ्यांदा."

अक्काची पेन्सिल कागदावर थांबली. डॉक्टर चुकले होते, आणि हे तिला तिथल्या तिथे दिसलं. पहिल्यांदा वजीर त्या घरात आला तेव्हा मफलरचा हत्ती हललेला नव्हता. किल्लेकोटाचा हक्क शाबूत होता. पुढच्या दोन्ही वेळा तो नव्हता. पट डोळ्यांना तोच दिसत होता, पण नियमाच्या लेखी ती स्थिती वेगळी. खरी मोजदाद दोनच.

आणि चुकीच्या दाव्याला दंड होता, पाच मिनिटांचा. डॉक्टरांच्या घड्याळात उरली होती सहा.

तिने घड्याळाकडे पाहिलं, मफलरकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

मफलरने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले होते. काढलेसुद्धा नाहीत. "तपासून घ्या. पंच सांगतील ते."

त्यालाही कळलं नव्हतं! जगातल्या दहा डोक्यांपैकी दोन डोकी त्या पटावर वाकली होती आणि दोघांनाही हत्तीचा विसर पडला होता. साडेचार तास एकच गोष्ट निरखून बघितली की अशीच गत होते.

दावा तपासण्याचा मान मुख्य पंचांचा. ते व्यासपीठावर आले, बाजूच्या टेबलावर दुसरा पट मांडला, डॉक्टरांचा आणि मफलरचा कागद शेजारी ठेवला आणि तिसाव्या खेळीपासून सोंगट्या हलवायला लागले. अक्का त्यांच्या उजव्या खांद्याशी उभी.

वजीर आला. साहेबांनी एक बोट टेबलावर टेकवलं. हत्ती आत, वजीर बाजूला, हत्ती कोपऱ्यात, वजीर परत. दुसरं बोट. आता त्यांना कळेल, अक्काला वाटलं. हत्ती उचलताना हाताला तरी कळेल. साहेबांनी हत्ती आत नेला, बाहेर आणला, वजीर ठेवला. तिसरं बोट.

"बरोबर आहे," ते स्वतःशीच म्हणाले आणि कागद गोळा करायला लागले.

पुढचा वेळ घड्याळात बघितला तर दहा-बारा सेकंदांचा असेल. पण अक्काने पुढे किती वेळा सांगितलं, की लग्नातसुद्धा तिला एवढे आपल्या छातीचे ठोके ऐकू आले नव्हते. गप्प राहिलं तर काय होणार होतं? काहीच नाही. दोघांची हरकत नाही, साहेबांची नाही, लोक टाळ्या वाजवणार, डॉक्टर जिंकणार, उद्या दाखल्यावर सही. आणि बोललं तर? व्यासपीठावर एकच तोंड बोलतं. चाळीस वर्षांच्या पंचाला हजार लोकांसमोर चुकलात म्हणायचं, त्याच्याच सहीची वाट बघत असताना. वर बिचाऱ्या डॉक्टरांच्या गळ्याला फास. त्या माणसाने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. उलट रोज येता-जाता नमस्कार करायचा.

आणखी एक गोष्ट तिला दिसत होती आणि ती जास्तच जाचत होती. डॉक्टरांनी दावा न करता नुसता वजीर ठेवला असता, आणि मफलरने नेहमीसारखा हत्ती आत घेतला असता, तर त्या क्षणी तिसरी वेळ खरोखर भरली असती. हत्ती आत असलेली स्थिती तिन्ही वेळा एकसारखीच होती. नुसती अर्धी खेळी धीर धरायला हवा होता.

साहेब व्यासपीठाच्या कडेकडे वळले. निकाल एकदा उच्चारला की तो मागे घेता येत नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"साहेब."

आवाज फुटेल असं तिला वाटलं होतं, पण तो खिडकीवरचाच आला, सरळ. साहेबांनी मागे न बघता हाताने थांबा अशी खूण केली. तिने त्यांच्या कोटाची बाही धरली.

समोरच्या रांगेतून कुणीतरी हसलं. साहेब वळले तेव्हा त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "बाई, काय चाललंय हे?"

"साहेब, दोनदाच झालंय. एकतिसाव्याला वजीर आला तेव्हा हत्ती हलला नव्हता. पहिल्या वेळी किल्लेकोट होऊ शकत होता."

साहेबांनी बाही सोडवून घेतली. मग टेबलाकडे गेले. पुन्हा सोंगट्या मांडल्या. या वेळी अगदी सावकाश. हत्ती पहिल्यांदा उचलला तेव्हा तो तसाच हातात धरून ते उभे राहिले. अक्काने नजर खाली वळवली. मोठ्या माणसाचा चेहरा असा उघडा पडलेला बघू नये, एवढं तिला कळत होतं.

"दावा अमान्य," साहेब म्हणाले. आवाज खणखणीतच होता. "पांढऱ्याच्या वेळेतून पाच मिनिटं वजा. लिहिलेली खेळी करावी लागेल."

सभागृहात गलका उठला. कुणीतरी ओरडलं, "दोन ग्रँडमास्टरांना कळेना ते नोंदणीच्या बाईला कळलं होय?" दुसरा, तिच्या कचेरीतलाच, म्हणाला, "अहो, खिळा आहे तो, रुतणारच!" यजमानांनी मागे वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो पाण्याची बाटली शोधायला लागला.

डॉक्टर पांढरेफटक पडले. त्यांनी लिहिलेल्या खेळीवरून एकदा बोट फिरवलं. वजीर त्या घरात ठेवला आणि घड्याळ दाबलं. एक मिनिट, पाच खेळ्या.

मफलरने तळवे डोळ्यांवरून काढले. मेलेलं माणूस उठून बसावं तसा तो ताठ झाला. हत्ती आत घ्यायचा नाही, हे त्याला आता कळलं होतं. घेतला तर बरोबरी. मग दुसरं काय? त्याने अठरा मिनिटं विचार केला. डॉक्टर समोर बसून तेवढीच मिनिटं विचार करत होते, पण कुठल्या खेळीला उत्तर द्यायचंय तेच माहीत नसताना. शेवटी मफलरने राजा एक घर बाजूला घेतला. एवढा वेळ भीतीपोटी टाळलेली खेळी. राजाने एक प्यादं धरलं, कोपऱ्यातल्या हत्तीने दुसरं.

आणि डॉक्टरांचं घड्याळ चालू झालं.

अक्का टेबलाच्या कडेला, निशाणाच्या समोर वाकून उभी राहिली. निशाण पडलं तर सांगायचं काम तिचंच. छत्तीस. डॉक्टरांचा हात झटकन गेला आणि आला. सदतीस. लाल निशाण काट्यावर आडवं झालेलं. अडतिसाव्याला त्यांनी घोडा उचलला, थबकले, आणि कुठेतरी ठेवायचाच म्हणून ठेवला. मफलरने तो लगेच मारला नाही. आधी गळ्यातला मफलर सैल केला आणि मग मारला. एकोणचाळीस. रांगांतले लोक उभे राहिले होते. चाळिसाव्याला डॉक्टरांनी प्यादं ढकललं, घड्याळावर पंजा मारला आणि त्याच झटक्यात निशाण पडलं.

"पडलं! पडलं!" कुणीतरी ओरडलं.

मफलरने अक्काकडे पाहिलं. साहेबांनीही.

"आधी घड्याळ दाबलं, मग निशाण पडलं," अक्का म्हणाली. "चाळीस पूर्ण. डाव चालू."

पण घोडा गेला तो गेलाच होता. अजून चार खेळ्या डॉक्टर खेळले, सवयीने. मग त्यांनी राजा आडवा न करता नुसता हात पुढे केला. मफलरने तो दोन्ही हातांत धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि टाळ्या मात्र अर्ध्याच सभागृहातून आल्या.

कागदांवर सह्या घ्यायला अक्का पुढे झाली. डॉक्टरांनी पेन उचललं. "तो हत्ती पहिल्यांदा केव्हा हलला?"

"एकतिसाव्याला. तुमचा वजीर आल्यावर."

त्यांचे ओठ हलले, काहीतरी मोजलं. "म्हणजे मी अर्धी खेळी थांबलो असतो तर..."

"हो," अक्का म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आणि सांगता येत नव्हतं." ते थोडं हसले, म्हणजे ओठ ताणले एवढंच. "तुमच्या जागी मी नव्हतो हे बरं." त्यांनी सही केली. अक्षर डॉक्टरांचंच, काही लागत नव्हतं.

पंचांच्या खोलीत साहेब टेबलापाशी बसले होते. समोर दाखल्याचा छापील कागद. अक्का दाराशी उभी राहिली.

"या. बसा." ती बसली. "मी निकाल बोललो असतो," साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले, "आणि मग तुमच्या लक्षात आलं असतं, तर काय केलं असतंत?"

अक्काने विचार केला. खोटं बोलायला फार काही लागलं नसतं. "माहीत नाही साहेब. कदाचित गप्प बसले असते. म्हणून तर बाही धरली."

साहेबांनी मान हलवली. मग रकाने भरायला लागले. मोठ्याने वाचत, पेन दाबून. "नियमांचं ज्ञान. उत्तम. खेळाडूंशी वागणूक. उत्तम. वेळेचं भान. उत्तम." चौथ्याला ते थांबले. "मुख्य पंचाच्या सूचनेनुसार काम करतात का?"

त्यांनी पेन बोटांत सरळ केलं.

"मी सांगितलं होतं, एकच तोंड बोलेल," ते म्हणाले, आणि शाईने ठळक लिहिलं, नाही. खाली सही केली, तारीख टाकली. मग चष्मा काढून डोळे चोळले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. कागद फिरवून त्यांनी तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला. पुन्हा वाचला.

"बाई, या एका शब्दाने समिती दाखला परत पाठवू शकते. तुम्हाला कल्पना आहे?"

"आहे."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. "द्या इकडे. खोडून 'हो' करतो. आज तुम्ही नसतात तर माझी चाळीस वर्षं..." पुढचं त्यांनी गिळलं.

अक्काने कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला. मनातून तिला तो द्यावासा वाटत होता, हेही लिहिलं पाहिजे. बारा वर्षं काही थोडी नसतात.

"नको साहेब. जे झालं ते झालं. मी तुमचं ऐकलं नव्हतं, हे खरंच आहे." मग जरा हसून, "आणि खोडलेला कागद आमच्याकडेसुद्धा परत पाठवतात."

बाहेर पायऱ्यांवर यजमान डबा घेऊन ताटकळत होते. "मिळाला?"

"सही मिळाली. तीन उत्तम आणि एक नाही."

"नाही कशाला?"

"वरिष्ठांचं ऐकतात का, याला."

"मग बरोबर आहे," यजमान म्हणाले. "मला विचारलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं." आणि त्यांनी तिथेच पायरीवर रुमाल अंथरून डबा उघडला, कारण सकाळपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात समितीचा कागद आला. चौथ्या रकान्यामुळे दाखला ग्राह्य धरता येत नाही, नव्या स्पर्धेचा दाखला जोडावा. अक्काने तो रात्री सासूबाईंच्या उशाशी बसून वाचून दाखवला. सासूबाईंना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे पुन्हा जावं लागणार का गं तुला?"

"जावं लागणार."

"मग जा की," सासूबाई म्हणाल्या. "माझी सबब किती वर्षं पुढे करशील?"

अक्काने कागदाची घडी केली आणि यजमानांना हाक मारली, परगावच्या गाड्यांच्या वेळा विचारायला.